दहा लाख तीन

रामनवमीच्या सकाळी, जन्माचा पाळणा हलायला अजून दोन तास होते, तेव्हा कुंदाताई वाडेकरांचं दहा लाखावं रामनाम लिहून झालं. त्यावर त्यांनी आणखी तीन नावं लिहिली. चौदा वर्षांत एखाद्या नावाचा काना राहिला असेल, एखादं डुलकीत अर्धंच सुटलं असेल, त्याची भरपाई म्हणून तीन. पोळ्या लाटतानाही माणशी हिशेब झाला की वर तीन लाटायचा त्यांचा हात होताच.

नंदकुमार गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. वही मिटल्याचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "किती झाली एकूण?"

"दहा लाख तीन."

"तीन कशाला?"

"चुकभुलीची."

नंदकुमार गप्प झाले. ते गप्प होण्यात नवल नव्हतं, गेली अकरा वर्षं ते गप्पच होते. पण आज त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर काहीतरी मोजत होती. थोड्या वेळानं ते म्हणाले, "हट्टी दिसतोय गं हा आकडा."

'हट्टी' हा शब्द कुंदाताईंनी त्यांच्या तोंडून कितीतरी वर्षांनी ऐकला. मुलुंडच्या एका कारखान्यात नंदकुमार अडतीस वर्षं मिलिंग मशिनवर होते. लोखंडी चाकांना दाते पाडायचे. साठ दात्यांचं चाक असलं तर सोपं. मशिनला लावलेल्या चकतीवर भोकं असत, तितकी मोजून पुढे सरकायचं आणि दाता पाडायचा. पण एखादा आकडा असा यायचा की कुठल्याच भोकांच्या हिशेबात बसायचा नाही. एकशे सत्तावीस दात्यांचं चाक आलं तेव्हा सुपरवायझरनंही हात टेकले होते. नंदकुमारांनी दुसरी चाकं जोडून, दोन दिवस डबाही धड न खाता ते पाडलं. घरी येऊन म्हणाले होते, "हट्टी आकडा होता. कुणाच्या पंगतीत बसेना." शाळेत त्याला मूळ संख्या म्हणतात हे कुंदाताईंना ठाऊक होतं. घरात मात्र तो हट्टीच राहिला.

मग कारखाना बंद झाला, नंदकुमार निवृत्त झाले आणि त्या जागेवर तीस मजली टॉवर उभा राहिला. त्या रस्त्यानं ते पुन्हा कधी गेले नाहीत. भाजी आणायला नवघर रोड, बस्स. मुलगा श्रेयस आणि सूनबाई सकाळी नोकरीवर जात, नात गंधाली कॉलेजात, आणि नंदकुमार गॅलरीत. काही विचारलं की "हं". जेवायला वाढलं की "हं". कुंदाताईंना निदान त्यांची रोजची दोनशे नावं होती. या माणसाला सकाळी उठून करायला काहीच नव्हतं, आणि ते त्यांना नावं लिहितानाही टोचत असे.

म्हणून त्या दिवशी त्यांनी धागा सोडला नाही. "हट्टी आहे का नाही, ते कळायचं कसं?"

"भागून बघायचं. दोननं, तीननं, पाचनं, सातनं. मधल्या सहाला विचारायची गरज नाही, दोन आणि तीनला जमलं नाही तर सहाला काय जमणार? फक्त हट्टी आकड्यांनीच भागायचं."

"दहा लाखांपर्यंत?"

"छे! हजारापर्यंत बास. भागणारे नेहमी जोडीनं येतात. दोघंही हजाराच्या वर असले तर त्यांचा गुणाकार या आकड्याच्या बाहेर जातो. म्हणजे जोडीतला एक तरी हजाराच्या आत सापडलाच पाहिजे."

तितक्यात गंधाली आतून आली. "आजोबा, एवढं कशाला? फोनवर टाकते, दोन सेकंदांत कळेल."

"खबरदार!" नंदकुमारांचा आवाज असा चढला की खालच्या वॉचमननं वर बघितलं. "या घरात कुणी मला उत्तर सांगितलं ना, तर त्या दिवशी वही रद्दीत जाईल. माझं मी बघेन."

"बरं बाबा, ओरडता काय," गंधाली म्हणाली. "वही अजून आहे कुठे तुमच्याकडे?"

वही कुंदाताईंनी दिली. नामजपासाठी आणलेली एक कोरी शिल्लक होती. दुपारभर बसून नंदकुमारांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हजारापर्यंतचे आकडे मांडले आणि एकेक खोडत हट्टी तेवढे वेगळे काढले. एकशे अडुसष्ट निघाले.

"रोज एक," कुंदाताई म्हणाल्या. "आंघोळ झाली की. एकही दिवस चुकवायचा नाही, आणि वहीत खाडाखोड करायची नाही. चुकलं तर चुकलेलं तसंच राहू द्यायचं. नेम म्हणजे नेम."

"तुझा देव माझ्या भागाकारात कशाला?"

"तुम्ही भागा. देवाचं मी बघते."

नंदकुमारांनी नव्या कॅलेंडरवर दिवस मोजले. "सर्वपित्री अमावास्येला संपतंय."

"अमावास्येला नको हो. एक दिवस पुढे न्या, घटस्थापना आहे."

"एकशे एकोणसत्तरावा आकडा कुठून आणू? तुझ्या माहेरून?"

अकरा वर्षांनी नवऱ्यानं माहेर काढलं. कुंदाताई तोंडावर पदर धरून आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून घराची सकाळ बदलली. नंदकुमार आंघोळ करून, कपाळाला गंध लावून जेवणाच्या टेबलाशी बसू लागले. पानाच्या वर श्री, खाली भागाकार, तळाला ताळा. ताळा म्हणजे उत्तराची उलट तपासणी. गुणून, बाकी मिळवून परत दहा लाख तीन येतात का ते बघायचं. मशिनवरचा माणूस, मोजल्याशिवाय काम सोडणार नाही. भागाकार झाला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन बाकी सांगायचे. कुंदाताई कढईतून मान न काढता ऐकायच्या.

"सातनं चार उरले."

"अकरानंही चारच."

आणि सहाव्या दिवशी, तेराच्या वेळी, जवळजवळ पळतच आले. "पुन्हा चार! ऐकतेस का? का ते सापडलं मला. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव, म्हणजे सहा नऊ, तो आकडा सातला जातो, अकराला जातो, तेराला जातो. आपला त्याच्या पुढे चार पावलं. म्हणून सगळीकडे चार. आता सदतीस येऊ दे, तिथेही चारच उरणार."

सदतीसला खरंच चार उरले. त्या दिवशी नंदकुमारांनी स्वतःहून शिऱ्याची फर्माईश केली. त्रेपन्ननं बावन्न उरले तेव्हा दिवसभर हळहळले. "एकानं हुकला गं! दहा लाख चार असता तर गेला असता." शेजारच्या ब्लॉकमधल्या शकुताईंनी लिफ्टमध्ये विचारलं, "वाडेकर हल्ली खुशीत दिसतात, काय सुनेकडे गोड बातमी वगैरे?" कुंदाताई म्हणाल्या, "नाही हो, त्रेपन्ननं भाग गेला नाही."

या सगळ्यात कुंदाताईंच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. पहिल्याच आठवड्यात गंधाली स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली होती, "आजी, मी बघितलं. सांगू?"

"नको."

"मूळ संख्या आहे. कशानंच भागत नाही."

नको म्हणेपर्यंत कानात पडलंच. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखला जावा तसं कुंदाताईंना झालं. त्या नातीला रागावल्या, देवापुढे नाक घासलं, आणि रोज दारात उभं राहून बाकी सांगणाऱ्या नवऱ्याला काही कळू दिलं नाही.

चौऱ्याहत्तराव्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सकाळचा नंबर होता. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत औषध घालून तपासलं, सोमवारी ऑपरेशन ठरवलं. रिक्षातून घरी येताना नंदकुमार डोळ्यांवर रुमाल धरून बसले होते. उन्हाकडे बघवत नव्हतं, जवळचं काही दिसत नव्हतं.

"आज राहू दे," जेवण झाल्यावर ते म्हणाले. "अक्षरं पोहताहेत नुसती. उद्या दोन करतो."

"नेमात उद्या नसतो," कुंदाताई म्हणाल्या. चौदा वर्षांत तापातसुद्धा त्यांनी नावं चुकवली नव्हती. जीभ आपोआप वळली. "सावकाश करा. मी दिवा लावून देते."

नंदकुमार टेबलाशी बसले. नाक वहीला टेकेल इतके वाकले. त्या दिवशीचा आकडा होता तीनशे त्र्याहत्तर. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते दारात आले नाहीत. कुंदाताईच बाहेर आल्या.

"संपलं गं," ते म्हणाले.

"काय संपलं?"

"भागला. तीनशे त्र्याहत्तरनं. बाकी शून्य." त्यांनी वही मिटली, पेन तिच्यावर आडवं ठेवलं. "उगाच हट्टी म्हणालो मी त्याला. साधाच निघाला." आणि गॅलरीत जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसले.

संध्याकाळी चहा दिला तर "हं". जेवायला बोलावलं तर "हं".

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर नंदकुमार सरळ गॅलरीत गेले. कुंदाताईंनी पूजा उरकली आणि वही उघडली. पानाच्या तळाशी ताळ्याची जागा कोरी होती. काल त्यांना तेवढं दिसलंच नसणार. भागाकार दोन हजार सहाशे एक्याऐंशी, बाकी शून्य.

कुंदाताई सातवीपर्यंत शिकल्या होत्या, पण नऊचा ताळा विसरल्या नव्हत्या. आकड्यातले अंक मिळवत जायचे, एकच अंक उरेपर्यंत. तीनशे त्र्याहत्तरचे झाले तेरा, तेराचे चार. भागाकाराचे सतरा, सतराचे आठ. चार आठे बत्तीस, बत्तीसचे पाच. म्हणजे पाच यायला हवेत. आणि दहा लाख तीनचे होतात एक आणि तीन, चार.

पाच आणि चार. जुळत नव्हतं.

मग त्यांनी एकेक ओळ बोटानं धरून तपासली. शेवटून दुसऱ्या वजाबाकीत सापडलं. तीन हजार वीसमधून दोन हजार नऊशे चौऱ्याऐंशी गेले, उरायला हवेत छत्तीस. नंदकुमारांनी लिहिले होते सदतीस. त्या सदतीसवर वरचा तीन उतरला आणि झाले तीनशे त्र्याहत्तर, हुबेहूब भागणारा आकडाच. अंधुक डोळ्यांना तो समोर उभा दिसल्यावर भुलायला कितीसा वेळ?

कुंदाताई वही घेऊन उठल्या, गॅलरीच्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. नंदकुमार बसल्या जागी हाताचे पंजे उलटसुलट करून बघत होते. त्यांचं लक्ष नाही असं वाटलं, पण ते बोलले. "अडतीस वर्षांत एक दाता वाकडा पाडला नाही मी. डोळे गेले की हातही जातात का गं?"

आता यांना काय सांगणार, की गेले? की काल तुमचं चुकलं, आणि बसवलं होतं मी? सोमवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलं होतं, प्रेशर वाढू देऊ नका. कुंदाताईंनी वही पदराआड घेतली. "काही जात नाहीत. सोमवारी डोळा लख्ख होतोय," एवढंच म्हणाल्या.

पण मनाशी त्यांनी ठरवलं. घरातला माणूस आजारी पडला तर त्याचा नेम दुसऱ्यानं चालवायचा, ही त्यांच्या सासूची रीत. सासऱ्यांच्या आजारपणात त्यांचं शिवलीलामृताचं पारायण सासूनंच पुढे नेलं होतं. त्याच दिवशी, वरण शिजेपर्यंत, कुंदाताईंनी पुढचं पान काढलं. वर श्री. तीनशे एकोणऐंशीनं भागलं. तीनदा चुकत, कच्च्या कागदावर करत, शेवटी वहीत उतरवलं. बाकी दोनशे एक. खाली ताळा. डाळ तोवर बुडाला लागली होती.

"आजी, तू?" गंधालीनं पकडलंच. "पण आजोबा तर म्हणाले भागला. माझ्या फोनवर तर..."

"गप. तुझ्या फोननं आधीच पुरे केलंय. हा गुणाकार बघ बरोबर आहे का. डोक्यानं बघ, फोननं नाही."

ऑपरेशन छान झालं. नंदकुमार काळा चष्मा लावून, डोळ्यात थेंब घालून घेत, आठ दिवस पडून राहिले. कुंदाताई रोज एक पान लिहीत राहिल्या. नावं लिहिताना हात आपोआप चालायचा. इथे दर पावलाला अडायचा. नवऱ्यानं चौऱ्याहत्तर दिवस काय केलं हे त्यांना आता कळलं. बाकी निघाली की त्यांनाही कुणाला तरी सांगावंसं वाटे, पण दारात जाऊन सांगायची सोय नव्हती. मग देवाला सांगत.

अकरा पानं झाली. बाराव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली. नंदकुमारांनी जुनाच चष्मा चढवला, पेपर चाळला आणि मग शेल्फवरची वही काढली. "अर्धीअधिक कोरी आहे," ते गंधालीला म्हणाले. "तू घे कच्च्या कामाला."

गंधालीनं आजीकडे बघितलं. आजी पोळपाटाकडे.

नंदकुमारांनी कोरी पानं किती ते बघायला वही उलगडली आणि त्यांना बायकोचं अक्षर दिसलं. रामनामाचं, गोल, ठसठशीत. "हे काय गं?"

त्यांनी पान उलटलं. तीनशे एकोणऐंशी, बाकी दोनशे एक. तळाशी ताळा. पुढचं पान, तीनशे त्र्याऐंशी. बाकी तीनशे त्र्याहत्तर. इथे त्यांचं बोट थांबलं.

"दहानं हुकला," ते पुटपुटले. "आणि उरले कोण, तर तेच तीनशे त्र्याहत्तर." काहीतरी खटकल्यासारखे ते मागे गेले, आपल्या स्वतःच्या पानावर. नव्या डोळ्यानं ओळी खाली उतरत गेले. कुंदाताईंचं लाटणं थांबलं होतं.

"छत्तीस," नंदकुमार म्हणाले.

कुंदाताईंना वाटलं, आता हे उठणार आणि गॅलरीत जाणार. पण त्यांनी पेपरच्या कडेला पेननं मांडणी केली. "छत्तीसवर तीन. तीनशे त्रेसष्ट. भाग जातच नाही. हासुद्धा दहानंच हुकला! म्हणजे दोघंही दहानं. दहा लाख तेरा असता तर दोघांनाही गेला असता." डोळे बारीक झाले. "आणि सातची बाकी चार होती. चार नि दहा चौदा. अगं, सातलासुद्धा! गंधाली, सात गुणिले तीनशे त्र्याहत्तर गुणिले तीनशे त्र्याऐंशी, कर."

"फोनवर चालेल?"

"चालेल. हा आपला नाही, शेजारचा आहे."

गंधालीनं बोटं चालवली. "दहा लाख तेरा! बरोब्बर! आजोबा, झकास!"

नंदकुमार हसायला लागले. चष्मा हातात, डोळ्यातून पाणी, थेंबांचं की हसण्याचं कोण जाणे. "अडतीस वर्षांत पहिला दाता वाकडा पडला आणि बघ कुठे पडला. शेजाऱ्याच्या चाकावर!" मग हसू ओसरलं आणि त्यांनी कुंदाताईंकडे बघितलं. "चूक तुला कधी सापडली?"

"दुसऱ्याच दिवशी. नऊच्या ताळ्यानं."

"पण ताळा करून बघावंसं का वाटलं? मी सांगितलं शून्य, तर शून्य. माझ्यावर अविश्वास दाखवायची तुझी रीत नाही."

खोटं बोलायचं तर तो क्षण होता. कुंदाताईंनी पिठाचे हात धुतले, पुसले आणि समोर येऊन उभ्या राहिल्या. "मला उत्तर माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून. कानावर पडलं. पोरीला बोलू नका, मी तिला वेळेत थांबवलं नाही. आणि त्या दिवशी औषध घातलेल्या डोळ्यांनी बसवलं तेही मीच. आता वही रद्दीत टाकायची तर टाका."

उत्तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगायला उरलंही नव्हतं.

नंदकुमारांनी वही मिटली. पुन्हा उघडली. त्या अकरा पानांवरून हात फिरवला, मशिनवरून उतरलेल्या चाकावरून फिरवत तसा, खाच लागते का ते बघत.

"तू दहा लाख तीन वेळा नाव लिहिलंस," ते म्हणाले. "पुढचं नाव कुठलं येणार, हे तुला माहीत नव्हतं?"

"होतं की," कुंदाताई म्हणाल्या.

"माहीत होतं, तरी लिहिलंस ना? मग मला काय होतंय? चल, आज कुठला?"

"चारशे त्रेचाळीस," गंधालीच म्हणाली.

"आंघोळ झाली आहे माझी. पेन दे."

पुढची पानं नंदकुमारांनी लिहिली. तळाच्या ताळ्याची जबाबदारी कुंदाताईंनी घेतली. एकाच पानावर दोन अक्षरं दिसू लागली. सर्वपित्रीला, पितरांचं पान वाढून झाल्यावर, नऊशे सत्त्याण्णवनं भागलं. बाकी बारा. एकशे अडुसष्ट आकड्यांपैकी कुणालाही दहा लाख तीन बधला नाही. नंदकुमार दारात येऊन म्हणाले, "हट्टीच निघाला," आणि दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. कुंदाताई परडीत माती घालून धान्य पेरत होत्या. मागे खुर्ची सरकली. त्यांनी वळून बघितलं तर नंदकुमार आंघोळ करून, गंध लावून टेबलाशी बसले होते. वर श्री लिहून झाली होती.

"आता काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

"तीनशे त्र्याहत्तर," नंदकुमार मान वर न करता म्हणाले. "ते पान तू खोडू देत नाहीस. मग एक जास्तीचं लिहितो. चुकभुलीचं."